तापते सागरजल आणि वनस्पतिभक्षक मत्स्यांचा आहार : बाळकुमच्या खाडीच्या संदर्भात एक विचार

कल्याणकडून येणारी उल्हास नदी ठाण्याच्या ईशान्येस बाळकुम आणि कशेळी यांच्यामधून वाहत कोलशेत, घोडबंदर या वाटेने वसईच्या खाडीस जाते. आणि याच परिसरात तिचा एक अरुंद फाटा दक्षिणेकडे वळून ठाण्याच्या खाडीशी जोडला जातो. भरतीबरोबर समुद्राचे पाणी येथवर चढते, पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी त्यास मागे रेटते, आणि ओहोटीच्या वेळी तिवरांच्या पायाशी गाळाचे पट्टे उघडे पडतात. या पट्ट्यांवर तपकिरी-हिरवट रंगाचा जो पातळ थर चकाकताना दिसतो, तो केवळ चिखल नव्हे. करंडक शैवले, नील-हरित शैवले आणि त्यांना बिलगून राहणारे जीवाणू यांचा तो सजीव थर होय, आणि खाडीतील बोय व निवटी या माशांचे ते कुरण आहे. सागरजलाचे तपमान वाढत असता या कुरणाचे आणि त्यावर चरणाऱ्यांचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विषयावर गेल्या दोन दशकांत परदेशांत विपुल लेखन झाले आहे, आणि त्यातून एक समज आपल्याकडील विद्यार्थ्यांतही रूढ होऊ पाहत आहे. तो असा की, पाणी जितके उबदार तितके वनस्पतिभक्षक माशांचे फावते. हा समज निराधार नाही. परंतु तो थंड समुद्रांच्या काठी तयार झालेला आहे. तो जसाच्या तसा उचलून एकोणिसाव्या अक्षांशावरील खाडीस लावणे कितपत योग्य, हे पाहिल्याशिवाय बोय आणि निवटी यांच्याविषयी काही विधान करणे उतावीळपणाचे ठरेल.

प्रथम ‘वनस्पतिभक्षक’ या शब्दाची मर्यादा सांगितली पाहिजे. गाईबैलांप्रमाणे जन्मापासून मरणापर्यंत वनस्पतींवरच निर्वाह करणारा मासा विरळा. बोयीची पिल्ले काही सेंटिमीटर लांबीची होईपर्यंत पाण्यातील सूक्ष्म प्राणिप्लवक खातात. त्यानंतर ती तळाकडे वळतात आणि गाळातील शैवले व कुजकट सेंद्रिय द्रव्य हा त्यांचा आहार होतो. वनस्पतींच्या पेशीभित्तिका फोडण्यास बोयीपाशी कोंबडीच्या पेटीसारखा जाड स्नायूंचा जठरभाग असतो, आणि खाद्याबरोबर गिळलेली वाळू तेथे जात्याचे काम करते. तिचे आतडेही शरीराच्या लांबीच्या कित्येक पट असते. निवटीची तऱ्हा निराळी आहे. चिखलावर टुणटुण उड्या मारणारे सारेच मासे आपण एका माळेत ओवतो. पण त्यांतील पेरिऑफ्थॅल्मस प्रजातीचे मासे किडे, लहान खेकडे इत्यादी पकडून खाणारे मांसाहारी आहेत, तर आपली निवटी, म्हणजे बोलिऑफ्थॅल्मस, ओल्या गाळावर डोके डावी-उजवीकडे हलवीत वरचा पापुद्रा खरवडून घेते आणि त्यातील करंडक शैवलांवर जगते. मुंबई किनाऱ्यावरील निवटीच्या आहाराचा अभ्यास मुत्सद्दी आणि बाळ यांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात १९६९ साली प्रसिद्ध केला होता. आज या विषयात शिरणाऱ्याने आरंभ तेथूनच करावा, असे सुचवावेसे वाटते. कारण बदल मोजावयाचा तर पूर्वीची अवस्था कोठेतरी नोंदलेली असावी लागते.

आता तपमानाकडे वळू. माशाचे रक्त भोवतालच्या पाण्याइतकेच उष्ण किंवा थंड असते. म्हणून पाण्याचे तपमान वाढले की त्याच्या शरीरातील सर्व रासायनिक क्रियांचा वेग वाढतो. दहा अंशांची वाढ झाली असता चयापचयाचा वेग ढोबळ मानाने दुप्पट ते तिप्पट होतो, असे मानतात. हिशेब केल्यास एका अंशाच्या वाढीने तो शेकडा ७ ते १२ ने वाढतो असे निघते. म्हणजेच मासा काही न करता नुसता जिवंत राहावयाचा म्हटला, तरी त्यास तितके अधिक अन्न लागते. ही गोष्ट मांसाहारी व वनस्पतिभक्षक या दोघांनाही लागू आहे. मग वनस्पतिभक्षकांचा वेगळा विचार कशासाठी?

याचे कारण वनस्पतिजन्य अन्नाच्या घडणीत आहे. अशा अन्नात प्रथिने थोडी असतात आणि कर्बोदकांचा मोठा भाग पचनास कठीण असतो. काही माशांत तो भाग आतड्यातील जीवाणू आंबवितात आणि त्यातून निघणारी मेदाम्ले माशाच्या उपयोगी पडतात. थंड पाण्यात एंझाइमांचे व जीवाणूंचे हे काम इतके मंदावते की, दिवसभर चरूनही माशाच्या पदरी पुरेसे पोषण पडत नाही. उष्ण कटिबंधात वनस्पतिभक्षक माशांच्या जाती पुष्कळ आणि ध्रुवांकडे जावे तशा त्या विरळ होत जातात, या जुन्या निरीक्षणाचा उलगडा कित्येक संशोधक याच तत्त्वाने करतात. सर्वच त्यास मान्यता देतात असे नाही. इतिहासकाळातील उत्क्रांतीचा व प्रवाळांचा संबंधही पुढे केला जातो. तथापि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या जिरेला निग्रिकान्स या सर्वभक्षी माशाचे उदाहरण तपमानाच्या बाजूने बोलते. या माशाच्या आहारातील शैवलांचे प्रमाण दक्षिणेकडील उबदार पाण्यात अधिक, तर उत्तरेकडील थंड पाण्यात कमी आढळले आहे. मासा तोच, त्याचे दातही तेच. बदलले ते पाणी आणि त्याबरोबर ताट.

या एका तत्त्वाचे परिणाम किती दूरवर जातात हे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर दिसून आले. न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात २००२ ते २०१२ या काळात पाण्याखाली घेतलेल्या चित्रफितींची छाननी संशोधकांनी केली. त्या दहा वर्षांत तेथील पाणी अर्ध्या अंशाहून थोडे अधिक तापले होते. केल्प या मोठ्या तपकिरी शैवलाच्या पात्यांवर माशांच्या चाव्यांच्या खुणा वाढत गेल्या, उष्ण कटिबंधीय वनस्पतिभक्षक माशांचे प्रमाण वाढत गेले, आणि काळाच्या अखेरीस त्या ठिकाणचा केल्प नाहीसा झाला. केल्पचा नाश केवळ उष्णतेने झाला असे म्हणता येत नाही. उष्णतेने खाणारे आणले आणि खाणाऱ्यांनी केल्प संपविला. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०११ सालच्या सागरी उष्णतेच्या लाटेनंतर केल्पची अरण्ये अशीच मागे हटली, आणि पाणी पुन्हा निवल्यावरही ती परत आली नाहीत; कारण कोवळे अंकुर उगवताच ते खुडून टाकणारे मासे तेथे ठाण मांडून बसले होते. भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात १८६९ साली खुल्या झालेल्या सुवेझ कालव्यातून शिरलेल्या सिगॅनस प्रजातीच्या माशांनी खडकांवरील शैवलांची तीच गत केली. जपानच्या किनाऱ्यावर तर पूर्वी उन्हाळ्या-शरदापुरते चरणारे सिगॅनस आता हिवाळा सौम्य झाल्याने थंडीतही चरत राहतात. तेव्हा वाढत्या उष्णतेने माशांच्या आहाराची केवळ मात्रा बदलते असे नाही, तर चरण्याचा हंगामही लांबतो.

हे सर्व खरे मानूनही आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातून निघत नाही. ज्या समुद्रात मासा आपल्या सोयीच्या तपमानाहून खालच्या पातळीवर जगत असतो, तेथे एखाद्या अंशाची वाढ त्यास वरदान ठरते. माशाची भूक व तपमान यांचा आलेख काढला तर तो हळूहळू चढत जातो, एका शिखरास पोहोचतो आणि त्यापुढे कड्यासारखा कोसळतो. चयापचयाचा आलेख मात्र शिखरापाशी न थांबता आणखी काही अंश चढतच राहतो. या दोन आलेखांमधील अंतर म्हणजे वाढीसाठी व प्रजननासाठी उरणारी शिल्लक होय. थंड समुद्रातील मासा शिखराच्या अलीकडच्या उतारावर उभा आहे. आपल्या खाडीतील मासा चैत्र-वैशाखात बहुधा शिखराच्या जवळपास असतो. तेथून पुढचे पाऊल चढाचे नसून उताराचे असते. उबदार पाणी म्हणजे अधिक चरणे हे समीकरण म्हणूनच आपल्याकडे अर्धवट ठरते. अधिक गरज व कमी भूक अशी विपरीत जोडी आपल्या वाट्यास येण्याची शक्यता दुर्लक्षिता येत नाही.

दुसरी गोष्ट प्राणवायूची. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. सामान्य खारटपणाच्या समुद्रजलात २५ अंश सेल्सियस तपमानास दर लिटरमध्ये सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांस सुमारे ६.२. हा फरक दिसावयास थोडा. पण ज्या खाडीत सांडपाणी व कारखान्यांचे उत्सर्ग येऊन मिळतात आणि त्यांच्या कुजण्यात प्राणवायू आधीच खर्च होत असतो, तेथे उरलेल्या शिलकीतून तो वजा होतो. निवटीला ओल्या त्वचेवाटे व तोंडाच्या पोकळीवाटे हवेतील प्राणवायू घेता येतो. बोयीला ती सोय नाही. एकाच कुरणावर चरणाऱ्या या दोन माशांवर उष्णतेचा परिणाम एकसारखा होणार नाही, असे म्हणण्यास एवढा आधार पुरेसा आहे.

खाडीबाहेरच्या खुल्या समुद्रात आहारबदलाची कथा अधिक स्पष्ट वाचता येते, आणि तिचा नायक कोकणच्या बाजारात सर्वांना परिचित असलेली तारली होय. तारली ही वनस्पतिप्लवकांवर जगणाऱ्या थोड्या माशांपैकी एक. लहानपणी ती प्राणिप्लवकही पुष्कळ खाते. पुढे तिच्या कल्ल्यांवरील दातेरी चाळणी दाट होत जाते आणि करंडक शैवलांसारखे सूक्ष्म कण पाण्यातून गाळून घेणे तिला साधते. नायर व सुब्रह्मण्यन् यांनी १९५५ साली असे दाखविले की, फ्रॅजिलेरिया ओशियॅनिका या करंडक शैवलाची भरभराट ही तारलीच्या विपुलतेची पूर्वसूचना मानता येते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात मलबार किनाऱ्याजवळ खोल पाणी वर येते, त्याबरोबर पोषक क्षार येतात, क्षारांवर करंडक शैवले वाढतात आणि त्यांच्या मागोमाग तारलीचे थवे येतात, अशी ही साखळी आहे. १९८० नंतरच्या दशकापर्यंत देशातील तारलीचे बहुतेक उत्पन्न आठव्या ते चौदाव्या अक्षांशांमधील या पट्ट्यातून येत असे. त्यानंतर ती उत्तरेकडे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर व पूर्व किनाऱ्यावरही मोठ्या प्रमाणात सापडू लागली. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी या प्रसाराचा संबंध वाढत्या तपमानाशी जोडला आहे.

येथपर्यंतची कथा ‘उबदार पाणी तारलीच्या पथ्यावर पडले’ अशी वाचता आली असती. परंतु केरळात २०१२ साली जवळजवळ ४ लक्ष टन मिळालेली तारली २०२१ साली साडेतीन हजार टनांच्या आत आली. या घसरणीत अतोनात मासेमारीचा, विशेषतः लहान तारली पकडण्याचा, वाटा आहे. सारा दोष समुद्रावर टाकणे योग्य नव्हे. पण ताटातील अन्नाकडेही पाहिले पाहिजे. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली दाखविले की, १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचा पृष्ठभाग उन्हाळी महिन्यांत १.२ अंशांनी तापला आहे. २०१६ साली त्यांनीच पुढे मांडले की, त्या समुद्रातील वनस्पतिप्लवकांत सहा दशकांत शेकडा २० पर्यंत घट झाली असावी. वरचे पाणी तापून हलके झाले की ते खालच्या थंड, क्षारयुक्त पाण्यावर झाकणासारखे बसते. दोहोंचे मिश्रण थांबते आणि वरच्या प्रकाशित थरातील शैवलांची उपासमार होते. उपासमारीत मोठ्या पेशींची करंडक शैवले मागे पडतात आणि अल्प क्षारांवर भागविणारे अतिसूक्ष्म जीव पुढे येतात. चाळणीची भोके ठरलेली असल्यामुळे अन्नकण बारीक झाले की ते निसटून जातात. अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यातील करंडक शैवलांची जागा नॉक्टिल्युका सिंटिलान्स या हिरव्या सजीवाने घेतल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही दिसते. त्याच्या कारणांविषयी अद्याप एकमत नाही. पण त्यास आवडीने खाणारे मासे थोडे, हे मात्र निर्विवाद आहे.

अन्नाचा कस उतरल्यास काय होते हे एका काल्पनिक हिशेबाने सांगता येईल. समजा, एखाद्या माशास दिवसाला १ ग्रॅम प्रथिन लागते आणि त्याच्या खाद्यात शेकडा १० प्रथिन आहे. तर त्याने १० ग्रॅम खाल्ले की काम भागले. आता खाद्यातील प्रथिन शेकडा ८ वर आले, तर साडेबारा ग्रॅम खावे लागेल. त्यातच तपमानामुळे गरज एकदशांशाने वाढली, तर पावणेचौदा ग्रॅम. दोन लहान बदल, आणि चरण्याचे काम तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक वाढले! इतके चरावयास दिवसाचा वेळ पुरतो का, आतड्यात तेवढी जागा आहे का, आणि तेवढे कुरण शिल्लक आहे का, हे प्रश्न मग उभे राहतात. ज्यांची उत्तरे नकारार्थी येतात ते मासे शैवलांबरोबर किडे, अळ्या, कोलंबीची पिल्ले असे प्रथिनयुक्त पदार्थ गाठू लागतात, किंवा लहानखुरे राहतात. आहारातील बदल म्हणजे आवड बदलणे नव्हे, तर जमाखर्चाची तोंडमिळवणी होय, ही गोष्ट विसरता कामा नये.

हाच जमाखर्च घेऊन बाळकुमच्या गाळावर यावे. येथे समुद्राच्या सरासरी तपमानापेक्षा अधिक महत्त्व ओहोटीच्या घटकेस आहे. भर दुपारी सुकती लागून गाळ उघडा पडला, तर त्याचा वरचा पापुद्रा पाण्यापेक्षा पुष्कळ अधिक तापतो. तीच सुकती पहाटे लागली तर नाही. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील गाळातील शैवलांचे प्रकाशसंश्लेषण सुमारे २५ अंशांस सर्वांत जोमदार असते आणि त्यापुढे ते झपाट्याने उतरते, असे आढळले आहे. आपल्याकडील शैवले अधिक उष्णतेस सरावलेली असणार हे उघड आहे. पण शिखर आणि उतार त्यांनाही आहेत. सामान्यतः उष्णता वाढली की करंडक शैवलांपेक्षा नील-हरित शैवलांचे पारडे जड होते. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या लहान रोहित पक्ष्यांना ते मानवेल, कारण नील-हरित शैवले हे त्यांचे खाद्यच आहे. या खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित-अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ साली रामसर स्थळांच्या यादीत आला, तो मुख्यतः त्यांच्याच पुण्याईने. निवटीची गोष्ट वेगळी आहे. करंडक शैवले मेदयुक्त व पचनास सोपी; नील-हरित शैवलांपैकी कित्येकांचे आवरण चिकट, आणि काही विषारीही. पक्ष्यांची संख्या पाहून खाडी सुखात आहे असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी निवटीच्या आतड्यातही एकदा डोकावावे.

मात्र नील-हरित शैवलांची वाढ पाहताच ‘ही तापत्या समुद्राची करणी’ असे म्हणणे तितकेच घातक आहे. शहराचे सांडपाणी खाडीत नत्र व स्फुरद सोडते, आणि त्यानेही ही शैवले फोफावतात. गाळ साचून पात्र उथळ झाले तर तेच पाणी तेवढ्याच उन्हात अधिक तापते. तिवरे तोडली तर गाळावरची सावली जाते. धरणांमुळे आणि उपशामुळे नदीचे गोडे पाणी कमी-अधिक झाले तर खारटपणा बदलतो व त्याबरोबर शैवलांच्या जातीही. या कारणांचे निराकरण नगरपालिकांच्या व कारखान्यांच्या हाती आहे. महासागराच्या तपमानाचे तसे नाही. निवटी विकून चार पैसे मिळविणाऱ्या खाडीकाठच्या कोळ्यांच्या दृष्टीने हा भेद तर्कशास्त्राचा नसून पोटाचा आहे. त्यांच्या तक्रारीस ‘हवामानबदल’ एवढे एक उत्तर देऊन वाटेस लावण्याची सोय आपल्या निष्काळजी विधानांनी कोणास मिळू नये. उलटपक्षी, सर्व काही सांडपाण्यावर ढकलले, तर ते शुद्ध केल्यावरही मासे का परतले नाहीत याचे उत्तर आपल्यापाशी राहणार नाही.

ही कारणे एकमेकांपासून सुटी करणे अवघड असले तरी अशक्य नाही. एक सोय निसर्गाने नव्हे तर अणुशक्तीने करून ठेवली आहे. १९६९ साली सुरू झालेले तारापूरचे वीजकेंद्र समुद्राचे पाणी थंडाव्यासाठी घेते व तापवून परत सोडते. त्या मुखाजवळचे खडक आणि काही किलोमीटर दूरचे तसेच खडक यांवरील शैवले व त्यांवर चरणारे जीव यांची तुलना म्हणजे आयता प्रयोग होय. अर्थात अशा पाण्यात शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून क्लोरीन मिसळण्याची प्रथा असते, त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागेल. मालवणच्या सागरी अभयारण्यात, जे १९८७ साली घोषित झाले, प्रवाळ व सरगॅसमसारखी मोठी शैवले दोन्ही आहेत. ऑस्ट्रेलियातील निष्कर्षांची पारख करावयाची तर ती जागा बाळकुमपेक्षा अधिक योग्य.

बाळकुमच्या कामास मात्र महागड्या उपकरणांची गरज नाही. उधाण व भांग अशा दोन्ही काळांत, वर्षाच्या तीनही ऋतूंत, गाळाच्या पृष्ठभागाचे व लगतच्या पाण्याचे तपमान, खारटपणा आणि प्राणवायू यांची नोंद घ्यावी. त्याच दिवशी गाळाच्या पापुद्र्याचा नमुना घेऊन त्यातील करंडक व नील-हरित शैवलांची गणती करावी. बोय व निवटी कोळ्यांकडून रास्त भावाने विकत घेऊन ताबडतोब बर्फात ठेवाव्यात. उशीर झाला तर आतड्यातील अन्न पचत राहते आणि कोमल शैवले ओळखू येत नाहीत. करंडकांची वाळूमय कवचे तेवढी शिल्लक राहतात आणि त्यामुळे त्यांचे प्रमाण आहे त्याहून अधिक भासते. हा दोष टाळण्यास स्नायूंतील नत्र व कर्ब यांच्या स्थिर समस्थानिकांचे मापन करावे. मासा काल काय गिळला याऐवजी गेल्या काही महिन्यांत त्याच्या अंगी काय लागले हे त्यावरून कळते. आतड्याची लांबी शरीराच्या लांबीशी ताडून पाहण्याचे जुने मापही सोडू नये. लांबी मोजताना आतडे ताणू नये, आणि मोजमाप दर वेळी एकाच व्यक्तीने करावे.